सायकलीवरचे खेटे

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा तो नवस होता. बोलली आक्का, आणि पाय गुंतले सयाजीचे.

आक्का ही सयाजीची बायको. शाहूपुरीतली अख्खी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून नवराही आक्काच म्हणायचा. त्यांचा मुलगा ऋतुराज. त्याच्या लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलेना, तेव्हा आक्का जोतिबाच्या डोंगरावर गेली आणि भर गर्दीत, घंटेच्या वर आवाज काढून म्हणाली, “देवा, माझ्या ऋतुराजला पोरगं दे. आमचं मालक तुझं पाच खेटं चालत घालतील. अनवाणी!”

मालक शेजारीच नारळ धरून उभे होते. त्यांना कोणी विचारलं नाही. देवापुढं एकदा शब्द गेला की तो परत घेता येत नाही, आणि आक्काचा शब्द तर घरातसुद्धा परत घेता येत नसे.

माघातल्या रविवारी कोल्हापुरातून पहाटे निघायचं, पंचगंगेचा पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढायचा, गुलाल कपाळाला लावून घ्यायचा. हा झाला एक खेटा. असे पाच. धडधाकट माणसाला त्यात काही विशेष नाही. पोरंटोरं हसतखेळत जातात. पण सयाजीचा उजवा गुडघा धडधाकट राहिला नव्हता. त्याचं आयुष्य फाउंड्रीत उकिडवं बसून साचे भरण्यात गेलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला होता आणि म्हटलं होतं, “आतली गादी झिजली. चालणं बेतानं करा. सायकल चालवता ना? मग ती चालवा, सीटवर बसलात की गुडघ्यावर भार येत नाही. पण एक सांगतो. हा गुडघा एकदा नीट मुरगळला ना, तर चालणं तर जाईलच, सायकलही जाईल.”

सयाजीला हे डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं. चालताना दर पावलाला सगळं अंग उचलायचं, पुढं टाकायचं, पुन्हा उचलायचं. त्यात माणूस दमतो तो पुढं जाण्यानं नव्हे, स्वतःला उचलण्यानं. सायकलीवर बूड सीटवर टाकलं की अंगाचं ओझं सायकलीचं. पाय नुसते फिरवायचे, आणि पाय थांबले तरी चाक आपलं पुढं जातच राहतं. जमिनीवर तो लंगडा म्हातारा होता. त्याच्या काळ्या उंच सायकलीवर बसला की वीस वर्षांनी लहान व्हायचा, घंटी वाजवत दसरा चौकातून असा निघायचा की ओळखीच्या माणसालाही दोनदा बघावं लागे. त्या सायकलीशिवाय त्याच्या आयुष्यात फारसं काही उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याला घरात कोणी विचारत नव्हतं.

देवानं नवस ऐकला. गणपतीत नातू झाला. नाव ठेवलं आदर्श. आणि माघ आला तशी आक्कानं मालकांच्या चपला कपाटात टाकल्या.

पहिल्या रविवारी सयाजी अनवाणी बाहेर पडला तो थेट गल्लीच्या टोकाला, बाबालालच्या दुकानात. बाबालालचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दोघांची दोस्ती शाळेपासूनची. सायकल आदल्या संध्याकाळीच पंक्चर काढायच्या निमित्तानं तिथं आणून ठेवली होती.

“दोस्ता, पाप लागंल का रं?” सयाजीनं विचारलं.

“तुझा देव, तुला म्हाईत,” बाबालाल हवा भरत म्हणाला. “मी हवा मारली हाय. तेवढंच माझ्या हातात.”

सयाजी निघाला. सपाटीला तो चालणाऱ्यांच्या टोळक्यांना मागं टाकत गेला आणि कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला तसा खाली उतरून, हँडलवर भार टाकत, सायकल ढकलत वर गेला. दर्शन झालं, गुलाल लागला. उतारावर तर पॅडल मारायचीही गरज पडली नाही. पण घोळ पुढंच होता. चालणारी माणसं अजून वाटेवरच, आणि हा पठ्ठ्या पंचगंगेच्या पुलावर येऊन ठेपलेला, घामसुद्धा वाळलेला! असल्या तोंडानं घरी कसं जाणार? मग तो घाटावर बसून राहिला. म्हशी बघितल्या, पोहणारी पोरं बघितली, उन्हं चढू दिली. शेवटी केसावर पाणी शिंपडलं, पायाला माती चोळली आणि सायकल बाबालालकडं सोडून लंगडत घरी आला. लंगडण्याचं सोंग आणावं लागलं नाही.

आक्कानं उंबऱ्यावर त्याच्या पायावर पाणी घातलं. खाली बसून कोमट तेलानं पोटऱ्या चोळल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याच्या पायाला हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. “दमलासा की वो,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात अशी माया होती की सयाजीनं बोलायला तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण तेल चांगलं जिरत होतं. त्यानं डोळे मिटले आणि गप्प बसला. असे पाच रविवार त्याची चंगळ झाली, आणि खेटे संपल्यावरही तेल चालूच राहिलं.

बिंग फुटलं ते आदर्शच्या पहिल्या वाढदिवसाला, आणि फोडलं ते दुश्मनानं नव्हे. पाहुण्यारावळ्यांनी घर भरलं होतं. मटणाचा तांबडा रस्सा दोनदा झाला होता. तेवढ्यात कोणीतरी सयाजीच्या लंगडण्याची थट्टा केली आणि बाबालालला ते सहन झालं नाही. वाटी खाली ठेवून तो गरजला, “आमच्या सयाजीला म्हातारा म्हणतासा व्हय? पाच खेटं मारल्यात गड्यानं सायकलीवर! पाच! एकदा तरी पंक्चर झाली का इचारा!”

दोस्ताची बाजू घेतली, आणि दोस्ताचा गळा कापला. बाबालालला हे कळेपर्यंत आक्काच्या हातातला भाताचा डाव तसाच थांबला होता. मग तिनं पाहुण्यांना आणखी भात वाढला. मात्र त्या दिवसापासून तेल बंद झालं.

हे तेवढ्यावरच मिटलं असतं. पण आदर्श चालेना.

गल्लीत त्याच्याबरोबरची पोरं धावायला लागली, आणि हा आपला रांगतोय. रांगायचा झपाट्यानं, पण उभं करून हात सोडला की फतकल मारून खाली बसायचा आणि हसायचा. ऋतुराजची बायको तेजस्वी त्याला मुलांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, “काही झालेलं नाही. अठरा महिन्यांपर्यंत वाट बघा. काही मुलं निवांत असतात.” तेजस्वीनं घरी येऊन हे सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडं बघत म्हणाली, “आज्जा चालला न्हाय. नातू कसा चालंल?”

एवढंच. पण ते वाक्य घरात शिरलं आणि मग बाहेर पडेना. आदर्श धपकन बसला की तेजस्वी सासऱ्याकडं बघायची. बिचारी वाईट नव्हती, पण आई होती. घरात सोपं कारण मिळत असताना डॉक्टरांचं अवघड कारण कोण कशाला धरून बसेल?

पुन्हा माघ तोंडावर आला तेव्हा एका संध्याकाळी सयाजीचा न्याय झाला. ऋतुराज जिममध्ये ट्रेनर होता. लोकांची पोटं उतरवणं हा त्याचा धंदा, आणि मनगटावर असं घड्याळ की माणूस किती जळला ते सांगावं. तो मधे बसला, एका बाजूला आक्का, आदर्शला मांडीवर घेऊन दारात तेजस्वी.

“पप्पा, मी देवाधर्माचं बोलत न्हाय,” ऋतुराज म्हणाला. “मी सायन्सचं बोलतोय. सायकल म्हणजे जगातलं सगळ्यात कमी ताकदीत जास्त लांब जायचं साधन हाय. एका भाकरीवर माणूस चालत जितका जातो, त्याच्या तिप्पट सायकलीवर जातो. मी माझ्या क्लायंटला पयलंच सांगतो, वजन उतरवायचं तर चाला, सायकल म्हणजे निव्वळ फुकटचा प्रवास.”

“मग?” सयाजी म्हणाला.

“मग तुमी देवाला तिसरा हिस्सा दिलासा.”

“देव काय घड्याळ बांधून बसलाय व्हय रं मनगटाला?”

“देवाला घाम पोचतो,” आक्का म्हणाली. “चाक पोचत न्हाय.”

“आणि चढाला? चढाला मी चालतच गेलतो की! वर सायकलीचं वजन ढकलत. तुझ्या त्या सायन्समधी चढ बसतो का न्हाय?”

ऋतुराज विचारात पडला. पोरगा हिशेबाला सच्चा होता, ते मान्य करायला हवं. बापाला लुबाडायचं त्याच्या मनात नव्हतं. त्यानं फोनवर बोटं फिरवली, सपाटी वेगळी केली, चढ वेगळा केला, बापाचं वजन घातलं, सायकलीचं वजन विचारून घेतलं. तेजस्वी त्याच्या बोटांकडं बघत होती. जिथं बाप स्वतःच्या पोराला “माझा गुडघा गेला रं” म्हणून सांगू शकत नव्हता, तिथं पोरगा बापाच्या गुडघ्याला दशांश चिन्हापर्यंत न्याय देत होता.

“चढ धरला तर पाचाचं अडीच झालं,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे अडीच ऱ्हायलं.”

“अर्धा खेटा कसा घालणार?” आक्कानं विचारलं. “निम्म्यातनं काय माघारी यायचं? तीन घालायचं.”

“डॉक्टर काय बोलल्यात ते ठावं हाय न्हवं तुमास्नी?” सयाजी म्हणाला. “हा पाय गेला तर सायकलबी जाईल माझी.”

“तुमास्नी सायकलीचं पडलंय,” आक्का म्हणाली, “आणि पोराचं पाय?”

आक्कानं सायकल घराच्या आतल्या बोळात, दारासमोर उभी केली, मागच्या चाकातून साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली.

सयाजी घाबरून कबूल झाला असं कोणाला वाटेल, तर ते चूक आहे. तो कबूल झाला कारण त्याच्याही मनात किडा शिरला होता. त्या कुलूप लावलेल्या सायकलीपाशी आदर्श रांगत यायचा, आरा धरून उभा राहायचा, वर आजोबाकडं बघून “टिंग” म्हणायचा. सयाजी घंटी वाजवायचा. पोर खुश होऊन हात सोडायचं आणि धपकन खाली बसायचं. दर वेळी सयाजीला पंचगंगेचा घाट आठवायचा. घाटावर बसून म्हशी बघितल्या होत्या त्यानं, पायाला खोटी माती चोळली होती. देव असेल तर त्यानं ते बघितलं असणारच. आणि नातू चालायला लागला की सायकलीच्या दांडीवर छोटं सीट बसवायचं, त्याला पुढं बसवून रंकाळ्याला न्यायचं, हे तो केव्हापासून मनात धरून बसला होता. बाबालालनं सीट हेरूनही ठेवलं होतं.

पहिला खेटा झाला. तो चालत गेला, चालत आला, आणि तीन दिवस भिंत धरून फिरला. आदर्श रांगतच होता. दुसऱ्या खेट्यानंतर गुडघा भाकरीसारखा फुगला. आदर्श रांगतच होता. तेल काही मिळालं नाही. “पुरं होऊ दे, मग बघू,” आक्का म्हणाली.

तिसऱ्या रविवारी निघायच्या वेळी सयाजीनं गुडघ्यावर पट्टा चढवला. मेडिकलमधून गुपचूप आणलेला, ताणून बसणारा. ऋतुराजची नजर गेलीच.

“पप्पा, हा पट्टा लोड घेतो.”

“घिऊ दे की रं थोडा.”

“मग पुन्हा तेच झालं. चाक काय आणि पट्टा काय.” तो समजावून सांगत होता, अगदी हळू, जिममधल्या नवख्या माणसाला सांगावं तसं. “आता शेवटचाच हाय. पुन्हा काय कमी पडाय नको. आदर्शसाठी म्हणतोय मी.”

सयाजीनं पट्टा काढला. त्याच्या हातात दिला. ऋतुराज तो घेऊन आत गेला आणि सयाजी उंबऱ्यावर बसून, घराकडं पाठ करून, दोन्ही हातांनी गुडघा चोळत राहिला. बाहेर फटफटलं होतं. मागं बोळात आदर्श जागा होऊन काहीतरी बडबडत होता. त्याच्याकडं वळून बघावं असं वाटलं, पण वळलं तर उठणं होणार नाही म्हणून तो वळला नाही. उठला आणि निघाला.

वडणग्याच्या अलीकडं मागून घंटी वाजली. बाबालाल होता. वाढदिवसापासून त्यानं सयाजीला तोंड दाखवलं नव्हतं.

“बस मागं,” तो म्हणाला. “कोण बघत न्हाय.”

“न्हाय रं.”

“सयाजी, तुझा पाय बघ. रंग बघ त्याचा. माझ्या तोंडानं घात केला, मला एवढं तरी करू दे. चढापतोर सोडतो.”

सयाजी थांबला. सायकलीच्या कॅरियरकडं त्यानं असं बघितलं, जसं उपाशी माणूस ताटाकडं बघतो. बाबालालनं एक पाय टेकून सायकल तिरकी धरली होती, नुसतं बूड टेकायचं होतं.

“मागल्या वर्षी बसलो, त्येचं हे झालं,” तो म्हणाला. “पोर उभं ऱ्हात न्हाय बाबालाल. तू जा.”

बाबालाल गेला नाही. सायकल हातात धरून तो कुशिऱ्यापर्यंत दोस्ताच्या शेजारनं चालला.

सयाजी डोंगर चढला. कसा, ते त्याचं त्याला ठाऊक. दर्शन घेतलं, गुलाल लावला, आणि देवाला एकच म्हणाला, “आता पुरं झालं बघ. घड्याळात बघून घे.” उतरताना पायवाटेवर एक दगड हलला. गुडघ्यात काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तो तिथंच बसला. लोकांनी उचलून रस्त्यावर आणला. त्यानं घरी फोन लावला.

“पप्पा, दर्शन झालं न्हवं?” ऋतुराजनं विचारलं. “पयलं ते सांगा.”

“झालं. पर गुडघा—”

“आई! झालं म्हणत्यात दर्शन!” फोनमध्ये एकदम गलका उठला, आणि मग ऋतुराजचा आवाज, रडवेला, आनंदानं फुटलेला: “पप्पा, आदर्श चालला! आदर्श चालतोय पप्पा! घरभर!”

सयाजी रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसला होता, गुडघा नारळाएवढा झाला होता, आणि तो लहान पोरासारखा रडत होता. सुखानं. भोवतीच्या अनोळखी माणसांना सांगत होता, “नातू चालला माझा! पावणं, नातू चालला!” माणसांनी चांगभलं म्हणून आरोळी ठोकली. एकानं त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला, तोही उजव्याच पायाला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, फक्त आता भूतकाळात. गुडघा आता वाकायचा तेवढाच वाकणार. घरातल्या घरात वॉकर धरून. सायकल विसरा. दोन-तीन आठवड्यांनी ऋतुराज बोळातली सायकल जिममध्ये घेऊन गेला. मागचं चाक लोखंडी घोड्यावर उचलून पक्कं केलं, ते जड फिरावं म्हणून त्याला पट्टा लावला. आता तिच्यावर बसून शाहूपुरीतले दुकानदार संध्याकाळी अर्धा तास घाम गाळतात आणि कुठंही जात नाहीत. “बघा पप्पा, तुमची सायकल कामाला आली,” ऋतुराजनं फोटो दाखवला. सयाजीनं बघितला आणि छान म्हणाला.

खोटं कशाला सांगा, तो सुखात होता. पाय गेला होता, पण फुकट गेला नव्हता. आदर्श घरभर दुडुदुडु पळायचा, आणि सयाजीला वाटायचं, हा माझ्या पायांनी पळतोय. येणाऱ्याजाणाऱ्याला तो स्वतः सांगायचा, “देवानं घेतला तो इकडं आणि दिला तो तिकडं.” गल्लीत त्याला मान मिळाला. आणि आक्का रोज संध्याकाळी कोमट तेल घेऊन त्याच्या पायाशी बसू लागली. दुखऱ्या पायाला फार हळू, चांगल्या पायाला जरा जोरात. एवढ्यासाठी आणखी एक पाय असता तर तोही त्यानं दिला असता.

पाडव्याला बाबालाल भेटायला आला. ते दांडीवर बसवायचं सीट त्यानं पिशवीतून आणलं होतं. विकत घेऊन ठेवलं होतं, आता करायचं काय, म्हणून आदर्शला खेळायला. आक्का समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तेजस्वी चहा घेऊन आली आणि कौतुकानं फोन पुढं केला.

“बाबाचाचा, तुमी आदर्शचं पयलं पाऊल बघितलासा? मी शूटिंग केलोय की.”

“स्टेटसला बघितलं,” बाबालाल म्हणाला.

“ते कापलेलं व्हतं. हे आख्खं हाय.” आत आदर्श रडला, तशी फोन बाबालालच्या हातात ठेवून ती पळाली.

दोन म्हातारे एका फोनवर वाकले. बोळ दिसला. कुलूप लावलेली काळी सायकल दिसली. आदर्श आरा धरून उभा. मग त्यानं हात सोडला. बसला नाही. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, डुलत डुलत दाराकडं निघाला. सयाजी हसला. दाराच्या उंबऱ्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, पांढरा सदरा, टोपी, खाली वाकून गुडघा चोळत असलेलं. पोर त्याच्याच दिशेनं हात पसरून चाललं होतं. चार पावलं, पाच. अजून दोन टाकली असती तर पाठीला हात लागला असता.

फोनमधून तेजस्वीचा आश्चर्यानं दबलेला आवाज आला, सासऱ्याला हाक मारू पाहणारा, “अगंबाई! मामा, बघा—”

आणि बाजूनं आक्का आली. तिनं पोराला अलगद उचललं, तोंडावर हात ठेवला, आणि फोनकडं वळून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मागं तो पाठमोरा माणूस दोन्ही हात टेकून उठला, एकदा लंगडला, आणि बाहेरच्या उजेडात निघून गेला. तिथं व्हिडिओ संपला.

बाबालालनं फोन पालथा करून खाटेवर ठेवला आणि दाराबाहेर बघत बसला.

सयाजीनं फोन उचलून सरळ केला आणि तो व्हिडिओ पुन्हा बघितला. “आक्का,” तो शेवटी म्हणाला. “मी जायच्या आधीच चाललं व्हतं पोर.”

आक्काची बोटं तांदळात फिरत राहिली. तिला ना लाज वाटली ना राग आला. तिनं सरळ विचारलं, “तवा सांगितलं असतं, तर तुमी गेला असता व्हय?”

सयाजीनं विचार केला. त्या पहाटेचा उंबरा, तो फुगलेला गुडघा, मागून पाठीपर्यंत न पोचलेला तो हात. खोटं बोलण्यात आता काही राम उरला नव्हता.

“न्हाय,” तो म्हणाला.

“मग?” आक्का म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून तिनं बाहेर टाकला.